व्हिस्टाडोम: काच बसवायला पैसे मिळतात, पुसायला नाही

सोय चांगली, बैठक ऐसपैस, छत मात्र बहुतेक वेळा मळकट. मुंबई–पुणे आणि मुंबई–मडगाव मार्गांवरच्या व्हिस्टाडोमचं, म्हणजे काचेच्या छताच्या रेल्वे डब्याचं, परीक्षण एका ओळीत उरकायचं तर एवढं पुरे. पण छत मळकट का राहतं हे बघायला गेलं की विषय फडक्या-बादलीवरून थेट पैशावर येतो. डबा कोणी बांधला, जादा भाडं जातं कुठे, आणि बाहेरचा प्रायोजक आलाच तर तो नेमके कशाचे पैसे देतो, हे सगळं त्या काचेवर दिसतं.

आधी डबा. चेन्नईच्या पेरांबूर कारखान्यात, म्हणजे आयसीएफमध्ये, याच्या दोन पिढ्या तयार झाल्या. पहिल्या पिढीचा डबा १६ एप्रिल २०१७ रोजी विशाखापट्टणम–अरकू मार्गावर सुरू झाला. त्यात ४० खुर्च्या, पूर्ण गोल फिरणाऱ्या, आणि डब्याचा खर्च सुमारे ३ कोटी ३८ लाख रुपये. त्याच वर्षी १८ सप्टेंबरला असा डबा मडगाव जनशताब्दीला लागला. दुसरी पिढी एलएचबी, म्हणजे जर्मन धर्तीच्या नव्या सांगाड्यावरची. डिसेंबर २०२० मध्ये तिची ताशी १८० किलोमीटर वेगाची चाचणी झाली, आणि डेक्कन एक्सप्रेसला २६ जून २०२१, डेक्कन क्वीनला १५ ऑगस्ट २०२१, प्रगती एक्सप्रेसला २५ जुलै २०२२ या क्रमाने ते डबे जोडले गेले. यात ४४ खुर्च्या. त्या पायाखालचा खटका दाबला की १८० अंशांत उलट्या वळतात. एका टोकाला उभं राहून बघायची मोकळी लाउंज, छोटं पॅन्ट्री, सरकते दरवाजे.

खुर्ची फिरवण्याची पद्धत कोणी समजावून सांगत नाही, म्हणून निम्मे प्रवासी ती ओढून मोडायच्या बेतात असतात. पाठ आधी सरळ करायची, खालची पिशवी काढायची, दोन खुर्च्यांचा जोड असल्याने शेजाऱ्यालाही उठवायचं, मग खटका पूर्ण दाबून धरायचा आणि जोड मार्गिकेच्या बाजूला ओढून वळवायचा. शेवटी 'खट' असा आवाज आला पाहिजे. तो आला नाही तर खुर्ची कुलपात बसलेली नाही. घाटातल्या पहिल्या ब्रेकला ती डुलते. बिघाड होतो तोही बहुधा याच जागी. खाऊचा चुरा आणि चहाचा पाक खाली फिरत्या तबकडीत जातो, खटक्याची स्प्रिंग चिकटते, आणि मग ती खुर्ची महिनोन्‌महिने एकाच दिशेला तोंड करून राहते. परतीच्या फेरीत उलट तोंडाची खुर्ची नशिबी आली तर कारण हे.

डोक्यावर काच आहे म्हणजे डोक्यावर रॅक नाही. सामान दाराजवळच्या मांडणीत ठेवायचं, आणि ४४ जणांच्या मोठ्या बॅगांना ती पुरत नाही. पाठीवरची पिशवी आणि एक छोटी बॅग, यापलीकडे नेऊ नये. गोव्याच्या गाडीत ही अडचण जास्त, कारण पुण्याला जाणारा हात हलवत येतो आणि गोव्याला जाणारा आठवड्याचं सामान घेऊन.

छताची काच वीज देऊन पारदर्शक करायची असते. या जातीच्या काचेत दोन थरांमध्ये एक पापुद्रा असतो. विद्युतदाब मिळाला की तो स्वच्छ दिसतो, तुटला की दुधाळ. दुपारच्या उन्हात मुद्दाम दुधाळ करता यावी, हा हेतू. एखादा तुकडा कायमचा दुधाळ दिसला तर काच फुटली असं समजू नये, बहुतेकदा कडेची जोडणी ओलाव्याने गेलेली असते. तो ओलावा येतो काचेभोवतीचं सीलंट सुटल्यामुळे, आणि सीलंट सुटतं ते अनेकदा चुकीच्या धुण्यामुळे.

आता त्या मळाकडे. विजेच्या मार्गावर डब्याच्या छतावर काय बसतं ते पाहा: पँटोग्राफच्या (इंजिनावरच्या, तारेतून वीज घेणाऱ्या दांड्याच्या) पट्टीची कार्बन पूड, तारेच्या तांब्याचा कीस, ब्रेकची लोखंडी धूळ, आणि बोगद्यांतून ठिबकणाऱ्या पाण्याचे ओघळ. साध्या डब्याच्या छतावर हे कोणाला दिसत नाही. इथे तेच प्रवाशाच्या डोक्यावर येतं. धुण्याचं स्वयंचलित यंत्र बाजू घासतं, छत नीट घासत नाही. माणूस चढवायचा तर वरच्या तारेतला २५ हजार व्होल्टचा पुरवठा बंद करून, तार जमिनीला जोडून (अर्थिंग करून), रीतसर ब्लॉक, म्हणजे तेवढा वेळ मार्गिका बंद ठेवण्याची परवानगी, घ्यावा लागतो. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात हा ब्लॉक मिळणं अवघड. मग काय होतं? बाजूच्या खिडक्या चकाचक, छत जसंच्या तसं. आणि कधी घाईने बाजूंवर वापरतात तेच आम्लयुक्त रसायन छतावर मारलं जातं, त्याने काचेवर कायमचा धुरकटपणा येतो आणि सीलंटही सुटतं. सौम्य साबण, क्षार काढलेलं पाणी, मऊ रबरी पट्टी, आणि वीज नसलेली मार्गिका. उपाय एवढाच आहे, पण त्यासाठी रोज दोन माणसं आणि दीड तास लागतो.

वेळेबद्दल मात्र रेल्वेला दोष देता येणार नाही, तिकीट काढणाऱ्यानेच शहाणं व्हावं. मुंबईहून सकाळी ७ च्या सुमारास सुटणारी डेक्कन एक्सप्रेस साधारण ९ वाजता घाटात असते, हा सगळ्यात चांगला प्रकाश. डेक्कन क्वीन संध्याकाळी ५ नंतर सुटते; मे-जूनमध्ये घाटात थोडाफार उजेड मिळतो, पण नोव्हेंबर ते जानेवारीत कर्जत यायच्या आत अंधार पडतो आणि छतावर डब्यातल्याच दिव्यांचं प्रतिबिंब दिसतं. त्या दिवसांत तिथे व्हिस्टाडोमचं तिकीट काढणं म्हणजे डोळे मिटून सिनेमाला बसणं. तीच गाडी सकाळी पुण्याहून येताना मात्र उत्तम. उतारावर वेगाचे निर्बंध कडक, ब्रेक तपासणीसाठी थांबे, त्यामुळे दरी जास्त वेळ समोर राहते. चढताना कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात. चढण ३७ ला १ अशी, ती त्यांच्याशिवाय चढत नाही. व्हिस्टाडोम गाडीच्या मागच्या टोकाला असेल तर लाउंजच्या काचेतून दरीऐवजी बँकरचं नाक दिसतं. इंजिनांच्या शौकिनांना ते दरीपेक्षा आवडेल, ही गोष्ट वेगळी.

कोकण मार्गावर जनशताब्दी पहाटे निघते, त्यामुळे जाताना दिवसाचा उजेड पुरून उरतो. परतीला ती मडगावहून दुपारी सुटते आणि रत्नागिरीच्या आसपास अंधार होतो. ९१ बोगदे आहेत, त्यातला करबुडे साडेसहा किलोमीटरचा. काचेचं छत तिथे निरुपयोगी, हे गृहीत धरावं. पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल मात्र बाजूच्या मोठ्या खिडकीतूनच बघावा, छताकडे मान करून नव्हे. पावसाळी वेळापत्रकात गाडी सावकाश चालते. घाई नसेल तर तोच हंगाम खरा.

भाडं शताब्दीच्या एक्झिक्युटिव्ह वर्गाच्या धर्तीवर, आरक्षणात वर्गाचं नाव ईव्ही. कोणालाही सवलत नाही, मुलांनाही पूर्ण भाडं. जेवण भाड्यात धरलेलं नाही. महाग आहे का? इथे एक हिशेब करून बघावा. एलएचबीच्या वातानुकूलित चेअर कारमध्ये ७८ जण बसतात, व्हिस्टाडोममध्ये ४४. म्हणजे तेवढंच उत्पन्न हवं असेल तर भाडं चेअर कारच्या पावणेदोन पट असायला हवं. मुंबई–पुण्याला ते दुपटीहून जास्त आहे. डबा भरला तर चेअर कारपेक्षा चार पैसे जास्तच मिळवून देतो. याचा अर्थ या डब्याचा पहिला प्रायोजक प्रवासीच आहे, आणि जादा भाडं देणाऱ्याने स्वच्छ छत मागणं ही काही चैन नाही.

मग पैसा कुठे अडतो? रेल्वेची सगळी मिळकत देशाच्या संचित निधीत जमा होते. ईव्ही वर्गाचे जादा रुपये त्या डब्याच्या नावाने वेगळे राहत नाहीत. छत धुणाऱ्या डेपोला जो ठरावीक खर्च मिळतो, त्यात व्हिस्टाडोम आणि साधा डबा जवळजवळ एकाच मापाने मोजले जातात. बाहेरून प्रायोजक आला आणि त्याने धनादेश दिला, तरी तो पैसा त्याच वाटेने जातो. या विषयात उतरणाऱ्या कंपन्या, पर्यटन महामंडळं आणि सहल आयोजक सगळ्यात आधी इथे चुकतात: ते रोख देतात आणि डबा चकचकीत होईल अशी वाट बघत बसतात.

इतिहासही हेच सांगतो. नेरळ–माथेरानची दोन फुटी रेल्वे आदमजी पीरभॉय घराण्याच्या पैशाने १९०७ मध्ये पूर्ण झाली, खर्च १६ लाख रुपये. खासगी पैशाने बांधलेली निसर्गरेल्वे म्हणून तिचं उदाहरण हमखास दिलं जातं. पण जुलै २००५ च्या पावसाने मार्ग वाहून गेला तेव्हा दुरुस्ती सरकारी पैशाने, २०१९ च्या पावसानंतरही सरकारी पैशाने, आणि पूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला तोही तसाच. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९४७ मध्ये चार घुमटी डब्यांची 'ट्रेन ऑफ टुमॉरो' स्वतःच्या पैशाने पुलमन-स्टँडर्डकडून बांधून घेतली आणि गावोगाव फिरवली. हेतू डिझेल इंजिनं खपवण्याचा. हेतू साधला, १९५० मध्ये गाडी युनियन पॅसिफिकला विकून टाकली. पुढे चारपैकी तीन डबे भंगारात गेले. 'मून ग्लो' तेवढा युटामधल्या ऑग्डेनच्या संग्रहालयात उरला आहे. कोकण रेल्वे महामंडळाचं उदाहरण थोडं निराळं. १९९० मध्ये ५१ टक्के भांडवल रेल्वेचं, २२ महाराष्ट्राचं, १५ कर्नाटकाचं, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. भांडवलाबाहेरची बाकी रक्कम रोखे विकून. तिथे पैसे घालणारे मालकच झाले, म्हणून देखभालीपासून त्यांना पळ काढता आला नाही.

आज बाहेरच्या पैशाला कोणकोणती दारं उघडी आहेत?

भारत गौरव योजना, २३ नोव्हेंबर २०२१ ची. यात खासगी कंपनी किंवा राज्य सरकार अख्खी गाडी २ ते १० वर्षांसाठी भाड्याने घेऊ शकतं. नोंदणी १ लाख रुपये, प्रत्येक रेकमागे (म्हणजे गाडीच्या डब्यांच्या अख्ख्या संचामागे) १ कोटी अनामत, डबे १४ ते २०, त्यात दोन गार्डाचे. भाडं स्वतः ठरवा, गाडीला नाव द्या, आतून-बाहेरून जाहिराती लावा. ऐकायला गोड. पण हा व्यवहार अख्ख्या रेकचा आहे. नियमित गाडीतला एकच काचेचा डबा दत्तक घ्यायची सोय त्यात नाही. शिवाय रेक वापरण्याचं शुल्क, ओढण्याचा ठरावीक आणि अंतरावरचा खर्च, गाडी उभी ठेवण्याचं भाडं, हे सगळं गाडी रिकामी असली तरी बऱ्याच अंशी लागतंच. वर्षातून चार महिने पर्यटक येणाऱ्या मार्गावर हा हत्ती बाराही महिने पोसायचा.

दुसरं दार सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चाचं, आणि इथे तर गैरसमजांचं पीक आहे. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचे असतात. २०२१ च्या दुरुस्ती नियमांनी स्पष्ट केलं की आपल्या मालाच्या किंवा सेवेच्या जाहिरातीचा फायदा घेण्यासाठी दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये मोजता येत नाही. म्हणजे डब्यावर बोधचिन्ह रंगवून तो खर्च सीएसआरमध्ये दाखवला की लेखापरीक्षक हरकत घेणार. जुन्या वारसा डब्याचा जीर्णोद्धार राष्ट्रीय वारसा जपण्याच्या कलमात बसवता येतो; नवा वातानुकूलित व्हिस्टाडोम त्यात बसत नाही. ज्यांना नाव झळकवायचं आहे त्यांनी जाहिरातीच्या खात्यातून पैसे काढावेत, आडून-आडून नको.

तिसरं दार जाहिरातीचं: डब्यावर व्हिनाइल, म्हणजे चिकटवायची छापील फिल्म. सोपं, लवकर होणारं, आणि या डब्याच्या बाबतीत सगळ्यात धोक्याचं. जाहिरात संस्था आधी खिडक्यांवर डोळा ठेवतात, कारण तिथेच सपाट मोठी जागा असते. 'छिद्रांची फिल्म आहे, आतून दिसतं' असं सांगितलं जातं. दिसतं, पण त्या फिल्मचा साधारण निम्मा भाग बंद असतो, म्हणजे प्रकाश निम्मा. पावसात छिद्रांत पाणी बसतं आणि दृश्य फुटतं. संध्याकाळी आतले दिवे लागले की काहीच दिसत नाही. म्हणजे ज्या पावसाळी घाटासाठी लोक दुप्पट भाडं देतात, नेमकी तीच गोष्ट विकून टाकायची. काचेवर एक सेंटिमीटरही फिल्म नको. ही अट करारात पहिल्या पानावर असावी, परिशिष्टात नव्हे.

जाहिरातदाराला मग काय उरतं? बरंच. डब्याची लांबी साधारण साडेतेवीस मीटर. खिडकीच्या खाली ६० सेंटिमीटरचा पट्टा धरला तर एका बाजूला सुमारे १४ चौरस मीटर, दोन्ही मिळून २८. त्यातून दरवाजे, डब्याचा क्रमांक, आपत्कालीन खिडकीच्या खुणा वगळायच्या. त्या झाकल्या तर डबा फिटच होत नाही. आतमध्ये खुर्चीच्या डोक्यामागचं कापड, पॅन्ट्रीतले कप, पडद्यावरची मार्गाची माहिती. ही शेवटची जागा सगळ्यात कमी वापरली जाते आणि सगळ्यात मोलाची आहे: 'पुढच्या ५ मिनिटांत उक्षीचा धबधबा' अशी सूचना ज्या कंपनीच्या नावाने येईल, ती प्रवासी लक्षात ठेवतो. व्हिनाइलच्या कडा धुण्याच्या यंत्राच्या ब्रशने उचकटतात, म्हणून कडेला सील हवं आणि मुदत संपल्यावर फिल्म व गोंद काढून रंग पूर्ववत करण्याची अनामत आधीच घेऊन ठेवावी. नाहीतर प्रायोजक जातो आणि डबा दोन वर्षं खरूज झाल्यासारखा फिरतो.

आमच्या मते खरं काम करणारा मार्ग चौथा आहे, आणि त्याला दिमाख नाही: रोख नको, सेवा द्या. प्रायोजकाने छत धुण्याचा आणि खुर्च्यांच्या देखभालीचा ठेका स्वतःच्या खर्चाने चालवायचा, रेल्वेने डेपोत वीज नसलेली मार्गिका आणि वेळ द्यायची. पैसा निधीत विरघळत नाही, कामाचं माप रोज घेता येतं. रेल्वेला ही कल्पना परकी नाही. उड्डाणपुलासारख्या डिपॉझिट वर्कमध्ये, म्हणजे दुसऱ्याच्या पैशाने रेल्वे करते त्या कामात, बांधकामाच्या खर्चाबरोबर पुढच्या देखभालीची एकरकमी रक्कमही आधी भरून घेण्याची पद्धत आहे. तीच पद्धत डब्याला लावायची.

करारात निदान इतकं असावं. प्रत्येक फेरीआधी बाजूच्या काचा, आणि आठवड्यातून किमान दोनदा वीज बंद करून छत; पावसाळ्यात बोगद्यांच्या ओघळांमुळे तीनदा. छताच्या प्रत्येक आकाराचा किमान एक आणि बाजूच्या खिडकीचे दोन सुटे तुकडे डेपोत तयार. दगड लागून बाजूची काच तडकणं हा अपघात नाही, नेहमीचा खर्च आहे, आणि सुटा भाग जवळ नसेल तर काचेवर चिकटपट्ट्या मारून डबा चालवला जातो. खुर्चीचा खटका आणि स्प्रिंग यांचे किमान चार संच, दर तीन महिन्यांनी फिरती तबकडी उघडून सफाई. दुधाळ अडकलेला तुकडा पंधरा दिवसांत दुरुस्त झाला नाही तर त्या महिन्याचं प्रायोजकाचं नाव पडद्यावरून गायब. दंडापेक्षा हे जास्त लागू पडतं, कारण विपणन विभागाला दंडाची फिकीर नसते, नाव दिसलं नाही तर मात्र साहेबांचा फोन येतो. मुदत तीन वर्षांपेक्षा कमी नको, म्हणजे तीन पावसाळे येतात. एका वर्षाचा प्रायोजक फक्त हिवाळ्यातले फोटो काढून जातो.

राज्य पर्यटन महामंडळांनी यात उतरायचं असेल तर त्यांनी डबा विकत घेण्याच्या फंदात पडू नये. काही खुर्च्यांची हमी घ्यावी: समजा ४४ पैकी १२, फक्त मंदीच्या महिन्यांत, सहलीच्या पॅकेजमध्ये विकण्यासाठी. रिकाम्या राहिल्या तर भाडं महामंडळाचं. रेल्वेला डबा बाराही महिने जोडून ठेवायला कारण मिळतं, महामंडळाची जोखीम मोजून-मापून राहते. पेच एकच, या खुर्च्या शनिवार-रविवारी मागायच्या नाहीत. त्या दिवशी डबा तसाही भरतो आणि हमी म्हणजे सामान्य प्रवाशाच्या तोंडचा घास.

तोवर तिकीट काढणाऱ्यांसाठी क्रम असा: जुलै ते सप्टेंबर, आठवड्याच्या मधल्या दिवशी, मुंबईहून जाताना डेक्कन एक्सप्रेस, पुण्याहून येताना सकाळची डेक्कन क्वीन किंवा प्रगती, गोव्याला जाताना जनशताब्दी, परतीला साधी चेअर कार. छत मळलेलं किंवा तुकडा दुधाळ अडकलेला दिसला तर रेलमदद अॅपवर डब्याच्या बाहेर रंगवलेला क्रमांक आणि फोटो टाकून तक्रार करावी. फक्त गाडीचा क्रमांक दिला तर ती तक्रार नुसत्या 'अस्वच्छता' या सदरात जाते आणि डब्याच्या आतला केर काढून बंद केली जाते.